शॅडो कॅबिनेट म्हणजे काय? आणि विरोधी पक्षनेताच नसेल, तर भोर-वेल्ह्याचा प्रश्न सभागृहात कोण विचारणार?

जुलै २०२३. तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार सत्तेत जाऊन उपमुख्यमंत्री झाले आणि विधानसभेतली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी झाली. विरोधी बाकांवर आता सगळ्यात मोठा पक्ष काँग्रेस होता. त्या पदासाठी पक्षात ज्यांची नावं चालली, त्यात एक नाव भोरचं होतं. आमदार संग्राम थोपटे. माजी मंत्री अनंतराव थोपटे यांचे चिरंजीव. पक्षाच्या अनेक आमदारांनी त्यांच्यासाठी सह्या केल्याच्या बातम्याही आल्या. शेवटी दिल्लीहून नाव आलं ते विजय वडेट्टीवार यांचं.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत भोर मतदारसंघात राष्ट्रवादीचे (अजित पवार गट) शंकर मांडेकर निवडून आले. एप्रिल २०२५ मध्ये थोपटे भाजपमध्ये गेले. ज्या पदाची चर्चा भोरपर्यंत आली होती, ते पद त्या निवडणुकीनंतर विधानसभेत कुणालाच मिळालं नाही. डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात तर विधानसभा आणि विधान परिषद अशा दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता.

अशा वेळी सोशल मीडियावर एक शब्द हमखास फिरायला लागतो, तो म्हणजे शॅडो कॅबिनेट. कुणी म्हणतं विरोधकांनी ते स्थापन करावं, कुणी म्हणतं त्याला अर्थ नाही, तर कुणाला ते राज ठाकरेंच्या भाषणातून आठवतं. म्हणून हे प्रकरण नेमकं काय आहे, ते मुळापासून समजून घेऊया.

शॅडो कॅबिनेट म्हणजे नेमकं काय?

सरकारमध्ये प्रत्येक खात्याला एक मंत्री असतो. विरोधी पक्ष त्या प्रत्येक मंत्र्यासमोर आपला एक माणूस नेमतो. आरोग्यमंत्र्यासमोर आरोग्यवाला, जलसंपदामंत्र्यासमोर जलसंपदावाला. या सगळ्यांच्या गटाला शॅडो कॅबिनेट म्हणतात. मराठीत प्रतिमंत्रिमंडळ किंवा छाया मंत्रिमंडळ.

या 'छाया मंत्र्या'कडे फाइल येत नाही. त्याला सही करण्याचा अधिकार नसतो, लाल दिव्याची तर गोष्टच सोडा. त्याची कामं साधारण चार असतात.

एक, त्या खात्याचा रोजचा कारभार बारकाईने पाहणं. दोन, सभागृहात त्या खात्यावर पक्षाच्या वतीने प्रश्न विचारणं आणि बोलणं. तीन, चूक दाखवताना आपण काय केलं असतं, तो पर्याय सांगणं. चार, उद्या सत्ता आली तर खातं सांभाळायला तयार राहणं.

यातलं तिसरं आणि चौथं काम सगळ्यात महत्त्वाचं. नुसती टीका करायला पक्षप्रवक्ता पुरतो. छाया मंत्र्याने मात्र आकडे, नियम आणि पैशाचा हिशोब घेऊन बोलायचं असतं, कारण उद्या तेच शब्द त्याच्या अंगावर येणार असतात.

प्रतिसरकार, प्रतिविधानसभा आणि प्रतिमंत्रिमंडळ: गोंधळ नको

'प्रति' हा शब्द आला की आपल्याकडे, विशेषतः भोरच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, आधी आठवतं ते क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. ते वेगळं होतं. १९४२ च्या आंदोलनानंतर साताऱ्यात उभं राहिलेलं ते सरकार ब्रिटिश राजवट नाकारून स्वतःच कारभार करत होतं, न्यायनिवाडे करत होतं. प्रतिमंत्रिमंडळ सरकार नाकारत नाही. उलट ते सरकार कायदेशीर आहे हे मान्य करून, त्याच सभागृहात बसून त्याला जाब विचारतं.

दुसरा गोंधळ प्रतिविधानसभेचा. जुलै २०२१ मध्ये भाजपचे १२ आमदार निलंबित झाले, तेव्हा भाजपने विधानभवनाच्या आवारात प्रतिविधानसभा भरवली होती. तो निषेधाचा प्रकार होता, एका दिवसाचा. शॅडो कॅबिनेटचं काम रोजचं आणि वर्षानुवर्षं चालणारं असतं.

ही पद्धत आली कुठून?

ब्रिटनमधून. १८२६ मध्ये जॉन कॅम हॉबहाउस या खासदाराने संसदेत 'राजाचा विरोधी पक्ष' असा शब्दप्रयोग केला. तेव्हा सभागृहात हशा पिकला, पण कल्पना टिकली. सरकारला विरोध करणं म्हणजे राजद्रोह नाही, तेसुद्धा देशाचंच काम आहे, हा त्यामागचा विचार. १९३७ च्या कायद्याने तिथल्या विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार सुरू झाला. १९७५ पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी सरकारी निधीही मिळतो. अभ्यासक नेमायला, कागदपत्रं तपासायला पैसा लागतो, हे तिथे मान्य झालं आहे.

याचा उपयोग काय होतो, ते २०२४ मध्ये दिसलं. जुलैमध्ये मजूर पक्ष जिंकला. रेचल रीव्हज २०२१ पासून छाया अर्थमंत्री होत्या, त्या अर्थमंत्री झाल्या. छाया परराष्ट्रमंत्री डेव्हिड लॅमी परराष्ट्रमंत्री झाले. छाया आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांच्याकडे आरोग्य खातं आलं. मतदाराला मतदानाआधीच माहीत होतं की हा पक्ष आला तर कोणतं खातं बहुधा कुणाकडे जाणार.

आपल्याकडे निकालानंतर काय होतं? निकाल लागतो, मग मुख्यमंत्री कोण यावर काही दिवस जातात, मग शपथविधी, मग खातेवाटप, मग नाराजी. २०२४ मध्ये महाराष्ट्राचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि खातेवाटप जाहीर व्हायला डिसेंबरचा तिसरा आठवडा संपला.

राज्यांच्या पातळीवर हे चालतं का?

चालतं. ब्रिटनमध्येच स्कॉटलंड आणि वेल्स यांना १९९९ पासून स्वतःची विधिमंडळं आहेत. लंडनच्या संसदेने काही अधिकार त्यांच्याकडे सोपवले. आरोग्य, शिक्षण, शेती, स्थानिक प्रशासन असे विषय ती सभागृहं पाहतात. आपल्या राज्यघटनेतल्या राज्यसूचीशी याची ढोबळ तुलना करता येईल. फरक एवढाच की आपल्या राज्यांचे अधिकार थेट राज्यघटनेतून येतात, तिथले अधिकार लंडनच्या संसदेच्या कायद्यातून आले.

स्कॉटलंडच्या संसदेत १२९ सदस्य आहेत. स्कॉटिश नॅशनल पार्टी १९९९ पासून २००७ पर्यंत तिथे प्रमुख विरोधी पक्ष होती. तिने त्या काळात आपली छाया फळी उभी केली, खात्यांवर माणसं तयार केली आणि २००७ मध्ये सत्ता घेतली. विशेष म्हणजे २००४ नंतर पक्षाचे नेते ॲलेक्स सॅमंड लंडनच्या संसदेत होते, त्यामुळे एडिनबरात विरोधी बाकांवरून पक्षाचं नेतृत्व निकोला स्टर्जन करत होत्या. २००७ मध्ये त्या उपमुख्यमंत्री आणि आरोग्यमंत्री झाल्या, पुढे २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च पदावर गेल्या. स्कॉटलंडच्या १९९८ च्या कायद्यातच विरोधी पक्षांना कामकाजासाठी आर्थिक मदत देण्याची तरतूद आहे.

म्हणजे छोट्या सभागृहातही ही पद्धत चालू शकते. पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेसे आमदार, एकच मोठा विरोधी पक्ष आणि अभ्यासाला पैसा. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, कारण महाराष्ट्रातली अडचण नेमकी इथेच आहे.

महाराष्ट्रात कधी झालं होतं का?

दोनदा झालं, पण दोन्ही वेळा ते टिकलं नाही.

पहिला प्रयत्न २००५ चा. विलासराव देशमुख यांच्या नेतृत्वाखालच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारवर नजर ठेवण्यासाठी शिवसेना-भाजप युतीने शॅडो कॅबिनेट जाहीर केलं. पण लोकांच्या लक्षात राहील असं त्यातून फारसं काही उभं राहिलं नाही.

दुसरा प्रयत्न सगळ्यांना आठवतो. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या वर्धापनदिनी नवी मुंबईत राज ठाकरे यांनी शॅडो कॅबिनेटची घोषणा केली. महाविकास आघाडी सरकार येऊन तेव्हा जेमतेम सव्वातीन महिने झाले होते. गृह खात्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी बाळा नांदगावकर यांच्याकडे आली, अर्थ खात्याची नितीन सरदेसाई यांच्याकडे. बहुतेक खात्यांवर एकापेक्षा जास्त माणसं नेमली होती. चुकेल तिथे बोट ठेवायचं आणि सरकारने चांगलं काम केलं तर कौतुकही करायचं, असा सूर तेव्हा लावला गेला.

कल्पना म्हणून ते लोकांना आवडलं होतं. पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे मनसेचा विधानसभेत एकच आमदार होता, कल्याण ग्रामीणचे राजू पाटील. म्हणजे छाया मंत्री बरेच, पण सभागृहात उभं राहून प्रश्न विचारू शकणारा एकच. बाकीच्यांच्या हातात उरली पत्रकार परिषद, आंदोलन आणि माहितीचा अधिकार. दुसरी अडचण कुणाच्याच हातात नव्हती. घोषणेनंतर पंधरा दिवसांत देशभर टाळेबंदी लागली. सगळं राजकारण कोरोनाभोवती गेलं आणि शॅडो कॅबिनेटची चर्चा मागे पडली.

इतर राज्यांत काय झालं?

अलीकडचं सगळ्यात ठळक उदाहरण ओडिशाचं. तिथे २४ वर्षं मुख्यमंत्री राहिलेले नवीन पटनायक जून २०२४ मध्ये हरले. १४७ जागांच्या विधानसभेत बिजू जनता दलाचे ५१ आमदार आले. जुलैमध्ये पटनायक यांनी विरोधी पक्षनेते म्हणून आपल्या आमदारांना एकेक खातं वाटून दिलं. हे गणित जमण्यासारखं होतं. आमदार पुरेसे होते, एकच मोठा विरोधी पक्ष होता आणि त्यातले अनेक जण कालपर्यंत मंत्री असल्याने त्यांना खात्यांची माहिती होती.

गोव्यात २०१५ मध्ये आणि केरळमध्ये २०१८ मध्ये वेगळा प्रकार झाला. तिथे राजकीय पक्षांनी नाही, तर नागरी संघटनांनी शॅडो कॅबिनेट बनवलं. सरकारच्या खात्यांवर लक्ष ठेवणारे सामान्य नागरिक, असं त्याचं स्वरूप. सभागृहात जागा नसल्याने त्याला मर्यादा होती, पण खातेनिहाय अभ्यास करायला निवडून यावंच लागतं असं नाही, हे त्यातून दिसलं.

मग आत्ता महाराष्ट्रात का होत नाही? आकडे बघा

राज्यघटनेच्या ९१ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाच्या आकारावर मर्यादा आली. विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत. २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३. डिसेंबर २०२४ च्या विस्तारानंतर महाराष्ट्रात मुख्यमंत्री, दोन उपमुख्यमंत्री आणि बाकीचे मंत्री मिळून ४२ जण होते.

आता विरोधी बाकं बघा. २०२४ च्या निकालात शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) २०, काँग्रेस १६ आणि राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) १०. तिन्ही मिळून ४६. म्हणजे प्रत्येक मंत्र्यासमोर एक माणूस उभा करायचा तर जवळपास प्रत्येक आमदाराला खातं द्यावं लागेल. शिवाय ते ४६ एका पक्षाचे नाहीत. गृह खातं कुणाकडे, अर्थ कुणाकडे, यावर सत्ता नसतानाही खातेवाटपाची भांडणं होतील.

विधान परिषदेतले सदस्य धरले तर माणसं वाढतात. पण आघाडीचा प्रश्न तसाच राहतो. छाया मंत्री एखाद्या विषयावर 'आमची भूमिका ही' असं म्हणाला, तर 'आमची' म्हणजे नक्की कुणाची?

आणखी एक कारण आहे, त्यावर कमी बोललं जातं. शॅडो कॅबिनेट म्हणजे 'उद्या हाच मंत्री' असा अलिखित शब्द. आपल्याकडे निवडणुकीआधी असा शब्द द्यायला कुठलाच पक्ष तयार नसतो. एकाला शब्द दिला की पाच जण नाराज होतात, आणि नाराज माणसाला दुसऱ्या पक्षाचं दार उघडं असतं. आजचा छाया मंत्री उद्या खऱ्या मंत्र्याच्याच पक्षात दिसला, तर पाच वर्षांचा अभ्यास कुणाच्या कामाचा?

विरोधी पक्षनेता आणि १० टक्क्यांचा वाद

शॅडो कॅबिनेटचा मुख्य विरोधी पक्षनेता असतो. म्हणून हा वाद समजून घ्यायला हवा.

महाराष्ट्रात विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांचा कायदा १९७८ चा आहे. त्याआधी संसदेसाठी असाच कायदा १९७७ मध्ये झाला. त्या वर्षी लोकसभेत विरोधी पक्षनेते होते आपले यशवंतराव चव्हाण. महाराष्ट्रात या पदाला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो.

२०२४ नंतर प्रश्न असा आला की कुठल्याच विरोधी पक्षाकडे २८८ च्या १० टक्के, म्हणजे २९ आमदार नाहीत. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने भास्कर जाधव यांचं नाव पुढे केलं, पण मान्यता मिळाली नाही. इथे वाद दोन बाजूंचा आहे.

एक बाजू म्हणते, १० टक्के ही जुनी परंपरा आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या काळापासून ती चालत आली. त्याच आधारावर २०१४ आणि २०१९ मध्ये काँग्रेसला लोकसभेत हे पद मिळालं नाही, कारण त्यांचे अनुक्रमे ४४ आणि ५२ खासदार होते. २०२४ मध्ये ९९ झाले आणि राहुल गांधी विरोधी पक्षनेते झाले.

दुसरी बाजू म्हणते, कायद्यात १० टक्क्यांचा आकडा नाही. विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष आणि त्याच्या नेत्याला अध्यक्षांची मान्यता, एवढंच त्यात आहे. जुना दाखलाही दिला जातो. १९६२ मध्ये २६४ जागांच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे १५ आमदार होते. म्हणजे १० टक्क्यांपेक्षा कितीतरी कमी. तरीही कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते.

विधान परिषदेत अंबादास दानवे विरोधी पक्षनेते होते. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची मुदत संपली आणि ती जागाही रिकामी झाली.

हे पद केवळ बंगला-गाडीचं नाही. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक कॅबिनेट मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असे तिघं असतात. माहिती अधिकार कायद्याने यावर तोडगा आधीच लिहून ठेवला आहे: मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर सगळ्यात मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला त्या समितीपुरतं विरोधी पक्षनेता मानायचं. राज्य मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीतही विरोधी पक्षनेत्याची जागा असते. तुमच्या माहिती अर्जाचं अपील शेवटी ज्या आयुक्तासमोर जातं, तो निवडताना विरोधकांचा आवाज असावा, म्हणून ही रचना आहे.

आता भोर-वेल्ह्याचं उदाहरण घ्या

हे सगळं मुंबई-नागपूरचं वाटत असेल, तर एका तालुक्याच्या नजरेतून बघूया.

वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. त्या राजगडावरून शिवाजी महाराजांनी अनेक वर्षं राज्यकारभार केला. पुढे भोर संस्थान ज्या पंतसचिवांचं झालं, ते 'सचिव' पद अष्टप्रधानांपैकीच एक. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात ते शंकराजी नारायण यांच्याकडे आलं आणि त्यांच्या घराण्याने १९४८ पर्यंत भोर संस्थान चालवलं. सचिवाचं काम दफ्तर तपासण्याचं, कागद बरोबर आहे की नाही ते बघण्याचं. मात्र तो प्रधान राजाला उत्तर द्यायचा. लोकशाहीत कागद तपासण्याचं तेच काम विरोधकांकडे येतं, आणि उत्तर मिळतं लोकांना.

आज या भागाचे प्रश्न कुठल्या खात्यांत विखुरले आहेत ते बघा.

पाणी. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण ब्रिटिशकालीन, क्षमता सुमारे २३.५ टीएमसी. नीरा नदीवरचं नीरा देवघर सुमारे ११.७ टीएमसी. राजगड तालुक्यात गुंजवणी, आणि पुणे शहराला पाणी देणारं पानशेत. धरणं इथल्या डोंगरांत, गावं इथली उठली. पण नीरेच्या कालव्यांचं पाणी खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या शेतांना जातं. काठावरच्या गावांना उपसा सिंचन कधी, पुनर्वसनाचं काय, हे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. हे खातं जलसंपदा. पण त्यातही डिसेंबर २०२४ च्या खातेवाटपात दोन मंत्री होते. कृष्णा आणि गोदावरी खोरं राधाकृष्ण विखे पाटलांकडे. विदर्भ, तापी आणि कोकण गिरीश महाजनांकडे. नीरा कृष्णेच्या खोऱ्यात येते, म्हणजे भोरचा प्रश्न विखे पाटलांना.

पुनर्वसन. धरणग्रस्तांच्या जमिनीचा प्रश्न मात्र जलसंपदाकडे संपत नाही. तो मदत व पुनर्वसन आणि महसूल खात्यांकडे जातो.

रस्ते. भोर-महाड मार्गावरचा वरंधा घाट. पावसाळ्यात दरडी आणि वाहतूक बंद. या रस्त्याला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा असल्याने केंद्राचं खातंही यात येतं. वाडी-वस्तीचे रस्ते मात्र जिल्हा परिषद, ग्रामविकास किंवा सार्वजनिक बांधकामकडे.

आरोग्य आणि शाळा. डोंगरातली उपकेंद्रं, कमी पटाच्या शाळा. खाती तीन: सार्वजनिक आरोग्य, शालेय शिक्षण, ग्रामविकास.

एका आमदाराने हे सगळं एकट्याने धरून ठेवायचं म्हणजे अवघड. त्यात आमदार सत्ताधारी पक्षाचा असेल, तर तो मंत्र्याच्या दालनात जाऊन काम मागतो. सभागृहात सरकारला अडचणीत आणणारा प्रश्न विचारताना त्याचा हात आखडतो. हा माणसाचा दोष नाही, व्यवस्थेचा स्वभाव आहे.

विरोधकांचा जलसंपदेवरचा छाया मंत्री असता तर काय झालं असतं? त्याच्याकडे भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी यांची एक फाइल असती. किती गावं उठली, किती कुटुंबांना जमीन मिळाली, कुठली योजना किती वर्षं रखडली, दर अर्थसंकल्पात तरतूद किती आणि खर्च किती. तो भोरचा नसता तरी चाललं असतं. कारण त्याला मतदारसंघ नाही, खातं सांभाळायचं आहे. आणि भोरच्या माणसाला माहीत असतं की विरोधकांमध्ये पाण्याचं निवेदन नेमकं कुणाच्या हातात द्यायचं.

तोटेही आहेत. हाच छाया मंत्री बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यांनाही उत्तर द्यायला बांधील असतो. भोरमध्ये एक आणि इंदापुरात दुसरं बोलता येणार नाही. खरं तर शॅडो कॅबिनेट नको असण्याचं हेच एक मोठं कारण असावं. विरोधात असताना सगळ्यांना हो म्हणता येतं. छाया मंत्री झालं की कुणाला तरी नाही म्हणावं लागतं.

शॅडो कॅबिनेट नाही, मग विरोधकांकडे काय आहे?

बरंच काही आहे. तारांकित प्रश्न, ज्यांना मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी सूचना. अर्धा तास चर्चा. अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना. अधिवेशनाच्या शेवटी येणारा अंतिम आठवडा प्रस्ताव.

त्याशिवाय समित्या. लोकलेखा समिती सरकारचा खर्च तपासते. आश्वासन समिती मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली की नाही ते बघते. पंचायत राज समिती जिल्हा परिषदांच्या कारभाराची तपासणी करते. समित्यांचं काम कॅमेऱ्यासमोर होत नाही, म्हणून रील होत नाही. पण कागद तिथेच उघडतात.

संसदेतही १९९३ पासून खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत, आता त्यांची संख्या २४ आहे. त्यात सत्ताधारी आणि विरोधक एकत्र बसतात. खातेनिहाय अभ्यासाचं जे काम ब्रिटनमध्ये छाया मंत्री करतो, त्यातलं काही आपल्याकडे या समित्यांतून होतं.

आणि आपल्याकडे काय आहे?

भोर-राजगडच्या कुठल्याही गावातून तीन गोष्टी करता येतात.

पहिली, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं आणि कामकाज मिळतं. आपल्या आमदाराने कुठल्या खात्याला काय विचारलं आणि मंत्र्याने काय उत्तर दिलं, ते शोधा. उत्तरात 'कार्यवाही सुरू आहे' लिहिलं असेल तर तारीख टिपून ठेवा.

दुसरी, माहितीचा अधिकार. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. अर्ज 'रस्ता का नाही?' असा करू नका. 'या रस्त्याला मंजुरी कधी, निधी किती, कार्यारंभ आदेशाची प्रत द्या' असा करा. कारण विचारलं की उत्तर टाळता येतं, कागद मागितला की टाळणं अवघड जातं.

तिसरी, ग्रामसभा. ठराव लिहून घ्या आणि तो एकट्या आपल्या आमदाराला नाही, तर विरोधी पक्षांच्या गटनेत्यांनाही पाठवा. विधानसभेत प्रश्न कुठल्याही मतदारसंघाचा आमदार विचारू शकतो. भोरच्या धरणाचा प्रश्न कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या आमदाराने विचारला, तरी उत्तर त्याच मंत्र्याला द्यावं लागतं.

थोडक्यात

शॅडो कॅबिनेट म्हणजे प्रत्येक मंत्र्यासमोर विरोधकांचा एक तयार माणूस. ब्रिटन, स्कॉटलंड, वेल्समध्ये ती रुळलेली पद्धत आहे. महाराष्ट्रात २००५ आणि २०२० मध्ये प्रयत्न झाले, टिकले नाहीत. ओडिशात २०२४ मध्ये एका मोठ्या विरोधी पक्षाने ती पद्धत घेतली. आपल्याकडे कायद्याने ती बंधनकारक नाही आणि तिला बंदीही नाही. आमदार कमी, पक्ष अनेक आणि शब्द द्यायची तयारी नाही, या तीन गोष्टींमुळे ती उभी राहत नाही.

पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाने शॅडो कॅबिनेट जाहीर केलं की नावांची यादी शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारा. यातले किती जण सभागृहात बसतात? पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी आपापल्या खात्यावर काय कागद बाहेर काढला? आणि भाटघरच्या पाण्यावर त्यांचं भोरमधलं उत्तर आणि बारामतीतलं उत्तर एकच आहे का?